गुरांमागे मेलेल्यांचे दगड
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी शेतकी कॉलेजात चार वर्षं काढली, माती तपासायला शिकलो. पण आमच्याच विहिरीवरचा धुणं धुवायचा दगड कशाचा आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. पालथा पडला होता. उलटवला तेव्हा दिसलं, तो वीरगळ आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाशी आडवा पडलेला माणूस आणि त्याच्याजवळ गाई. त्यावर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एक्सरला तर वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे, पण ती राजांची भांडणं. आपल्या शिवारातले बरेचसे दगड गुरं राखताना मेलेल्यांचे. लुटारू गुरं वळवून नेऊ लागले, हा आडवा गेला. गुरं गेली तर नांगर कोण ओढणार? गावाला ते कळत होतं, म्हणून गावानं दगड उभा केला. नाव मात्र बहुतेकांवर नाही. त्याच शिलाहार-यादवांच्या काळात कोणाला किती जमीन दान दिली, ते ताम्रपटावर नावानिशी लिहिलंय!

पुढं गाव विसरलं. कुठं शेंदूर फासून त्याचा देव केला, कुठं पायरी केली.

आता आपल्या काळाचं बघा. 19 मार्च 1986 ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं. 2017 पासून त्या तारखेला ठिकठिकाणी लोक उपास धरतात, हे चांगलं आहे. पण त्यांच्यानंतर गेलेल्यांचं काय? सरकारी कागदावर 'पात्र' नाहीतर 'अपात्र'. घरात वर्षश्राद्ध, पितृपक्षात कावळ्याला घास. गाव मात्र गप्प. बाप कशानं गेला, हे लेकरू शाळेत सांगत नाही. जीव देऊ नका, हे मी प्रत्येक सभेत हात जोडून सांगतो, आजही सांगतो. पण गेलेल्याची लाज घरच्यांनी का बाळगायची?

आम्ही तो दगड नुसत्या पाण्यानं धुतला आणि चावडीसमोर उभा केला. पोरं ऑइलपेंट घेऊन आली होती, त्यांना परत पाठवलं. सर्वपित्री अमावस्येला तिथं सगळ्या गावाचं म्हणून एक पान वाढलं. तेव्हा एक बाई पुढं आली आणि सगळ्यांसमोर तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. सात वर्षांनी. मग तिच्या मागची उठली.