जाणत्याच्या शेजारी बसून



ग्रंथालयात पुस्तके असणे आणि विद्यार्थ्यास त्यांतून हवे ते शोधून काढता येणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली देणगीने साध्य होते. दुसरीसाठी जाणत्याच्या शेजारी बसावे लागते. कापडाच्या पेढीवर नव्या मुलास कोणी व्याख्यान देत नाही. तो तागे उलगडतो, पोत चाचपतो आणि चुकला की जुना गुमास्ता त्याचा हात धरून दाखवितो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विद्या अशीच हातोहात दिली गेली. १९१९ साली तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य सुरू झाले व १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याची धुरा वाहिली. केंब्रिजला गणित शिकलेल्या सुकथनकरांनी बर्लिनला प्रा. ल्यूडर्स यांच्या हाताखाली शाकटायन या जैन वैयाकरणावर प्रबंध लिहिला होता. याच ल्यूडर्स यांनी १९०८ साली अशा आवृत्तीचा नमुना छापून दाखविला होता.

पुण्यात शास्त्री व विद्यापीठाचे पदवीधर एकत्र काम करीत. चौकटी आखलेल्या कागदावर श्लोकाचे एकेक अक्षर एकेका घरात लिहावयाचे आणि खाली प्रत्येक पोथीतील पाठभेद त्या त्या घरात नोंदवावयाचा. प्रत्येक भागासाठी किमान दहा पोथ्या! काम कंटाळवाणे खरे. परंतु लेखनिकाचा हात कोठे घसरतो, कोणती पोथी कोणत्या पोथीच्या कुळातील, हे त्या घरांतूनच डोळ्यांस दिसू लागते.

आजचा विद्यार्थी संगणकावर एक शब्द टाकतो व पहिले उत्तर उतरवून घेतो. त्यास ग्रंथपालाने वा प्राध्यापकाने तासभर शेजारी बसवावे आणि स्वतःचा एखादा न सुटलेला प्रश्न त्याच्यादेखत शोधावा. सूचीत लेखकाच्या नावाने न सापडल्यास संपादकाच्या नावाने पाहावे, तळटीपेवरून मूळ ग्रंथापर्यंत जावे, पान उघडून उतारा ताडावा. चुकलेली वाटही लपवू नये; तीच अधिक शिकविते. पुढचा प्रश्न विद्यार्थ्याने शोधावा, जाणत्याने केवळ पाहावे. एवढा वेळ देण्यास कोणी तयार नसते, ही खरी अडचण.

१९४३ साली सुकथनकर निवर्तले, तेव्हा बहुसंख्य पर्वे व्हावयाची होती. पुढे डॉ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर पुष्पदंताच्या अपभ्रंश महापुराणाचे संपादक डॉ. प. ल. वैद्य यांनी प्रमुख संपादकपद सांभाळले. १९६६ साली, एकूण १२५९ हस्तलिखितांच्या आधारे, ती आवृत्ती पूर्ण झाली.