मातीवरचे स्वार आणि त्यांची जोखीम



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस आणि महागाई-भत्ता यांवरच बोलणार, असा आपला समज असतो. आज आम्ही मोटारसायकलींच्या शर्यतींवर बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे फिटरमंडळींकडून आणि वाचनालयातून मिळालेले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या एका सभासदाचा मुलगा गॅरेजात काम करतो. एका गावच्या मातीवरील शर्यतीत तो पडला आणि मांडीचे हाड मोडले. बाप आमच्याकडे आला नि म्हणाला, "अण्णा, भरपाई कुणाकडे मागायची?" शर्यत भरवणारे म्हणाले, तो आपखुशीने आला, कागदावर सही आहे. गॅरेजवाला म्हणाला, रविवार सुट्टीचा. ज्याचे नाव सदऱ्यावर होते तो म्हणाला, आम्ही फक्त सदरा दिला. संघटनेत तीस वर्षे काढूनही त्या बापाला आम्हांला उत्तर देता आले नाही. म्हणून आम्ही या विषयाचे वाचू लागलो.

या खेळाचा उगम इंग्लंडातला. 1924 साली सरे परगण्यात कॅम्बर्ली येथे उघड्या माळावर, टेकड्याओहोळांतून पहिली 'स्क्रॅम्बल' झाली. पुढे फ्रेंचांनी 'मोटोसिक्लेत' आणि 'क्रॉसकंट्री' हे शब्द जोडून 'मोटोक्रॉस' हे नाव रूढ केले. 1957 साली त्याला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. मग 1972 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कोलिझियम या प्रचंड क्रीडागारात माती ओतून कृत्रिम टेकड्या रचल्या गेल्या, आणि हजारो लोकांनी खुर्चीत बसून शर्यत पाहिली. ती जिंकणारा मार्टी ट्राइप्स अवघा सोळा वर्षांचा होता! त्यातूनच 'सुपरक्रॉस' जन्मला.

दोहोंतला फरक सांगतो. माळावरच्या शर्यतीत चाळीस स्वार एका ओळीत उभे राहतात, लोखंडी फाटक पडते आणि सारे एकाच वळणाकडे झेपावतात. अर्धा तास आणि वर दोन फेऱ्या. आणि असे दिवसातून दोनदा. क्रीडागारातली मुख्य शर्यत वीस मिनिटे आणि एक फेरी. तिथे निवडीच्या फेऱ्यांतून तावून सुलाखून निघालेले बावीसच उरतात. पण तिथे वाट अरुंद, तीन-तीन उंचवटे एकाच उडीत ओलांडायचे, आणि शंभर किलोंहून जड यंत्र मांड्यांच्या पकडीत ठेवायचे. उडीचा अंदाज हातभर चुकला तरी हाड मोडते. यंत्रावर बसलेला माणूस आरामात असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी भट्टीवर एक पाळी करून पाहावी, श्रम तितकेच.

आता आमच्या धंद्याचा प्रश्न. अमेरिकेत कारखान्याच्या पथकात असलेल्या मूठभरांना करार, मेकॅनिक, सुटे भाग सारे मिळते. बाकीचे पदरमोड करून, स्वतःची गाडी हाकत गावोगाव जातात. बहुतेकजण कायद्याने नोकर नव्हेत, स्वतंत्र कंत्राटदार! 2000 साली जिमी बटन हा नामांकित स्वार पडला आणि त्याचे शरीर लुळे पडले. पुढे मोठ्या कष्टाने तो चालू लागला. त्यानंतर जखमी स्वारांसाठी 'रोड टू रिकव्हरी' नावाचा धर्मादाय निधी उभा राहिला. काम पुण्याचे, यात शंका नाही. पण निधी म्हणजे हक्क नव्हे. त्याच देशात बेसबॉलच्या खेळाडूंनी 1966 साली पोलाद-कामगारांच्या संघटनेतला मार्विन मिलर हा माणूस आपल्या संघटनेच्या कामाला नेमला आणि 1968 साली मालकांशी पहिला सामुदायिक करार केला. मातीवरच्या स्वारांची तशी बळकट एकजूट झालेली नाही. कारण उघड आहे: फाटक पडले की प्रत्येकजण दुसऱ्याचा प्रतिस्पर्धी.

हे आता दूरदेशीचे राहिलेले नाही. 28 जानेवारी 2024 रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत झाली. त्या मुलाला घेऊन आम्ही गेलो. खरे सांगायचे तर दोष काढायला गेलो होतो. पण पहिली उडी पाहिली आणि आम्हीही खुर्चीवरून उठलो. मुलाच्या डोळ्यांत पाणी होते. परतताना तो म्हणाला, "अण्णा, बाबांना सांगा, मी परत धावणार."

बापाने त्याला परावृत्त करण्यासाठी आम्हांला गळ घातली होती. आम्ही तसे केले नाही. गिरणीत हात तुटतो म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांनी गिरण्या बंद करा असे म्हटले नाही. यंत्राला जाळी लावा आणि हात गेला तर भरपाई द्या, असे म्हटले. भरपाईचा कायदा आपल्याकडे 1923 साली झाला, कॅम्बर्लीच्या त्या शर्यतीच्या एक वर्ष आधी. कामगारासाठी जे तेव्हा मान्य झाले, ते या पोरांना अजून मागावे लागते.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या गावी अशी शर्यत भरली तर जरूर जा, टाळ्या वाजवा. पण तिकीट घेताना विचारा: डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर आहे काय? स्वारांचा विमा कुणी उतरवला आहे? उत्तर मिळाले नाही तर खिडकीवरून परत फिरा. पाहणाऱ्याच्या पैशावर हा खेळ चालतो. म्हणून हा प्रश्न विचारण्याचा अधिकार पाहणाऱ्याचा आहे, आणि आमच्या मते ते त्याचे कर्तव्यही आहे.