दुसऱ्या डॉक्टरांचे मत



विषयाची पाटी वाचून कुणाला वाटले असेल की, आज डॉक्टरांची उणीदुणी ऐकायला मिळणार. तसे काही व्हायचे नाही. मी त्याच व्यवसायातला आहे. पण खोकला हटत नाही अशा घरात एक प्रश्न हळू आवाजात चाललेला असतो : "दुसऱ्या कुणाला दाखवावे का? पण आपल्या डॉक्टरांना काय वाटेल?" तो प्रश्न आज मोठ्याने बोलावा, एवढाच माझा हेतू.

छातीच्या दुखण्यात तो विशेष अडतो, याला कारण आहे. खोकला एकच, पण त्याच्यामागे दमा असेल, क्षय असेल, धुराने खराब झालेली फुप्फुसे असतील, थकलेले हृदय असेल, क्वचित कर्करोगही असेल. आमच्या हाती जी साधने आहेत तीही एकेक गोष्टच सांगतात. लॅनेकने 1816 साली कागदाची सुरळी छातीला लावली, तेव्हापासून आम्ही आतले आवाज ऐकतो. राँटजेनने 1895 साली क्षकिरण शोधले, तेव्हापासून आतली सावली पाहतो. पण सावलीवर रोगाचे नाव लिहिलेले नसते! पूर्वी होऊन बरा झालेला क्षय फुप्फुसावर जन्मभराचा वण ठेवून जातो. तो फोटोत दिसला की घाईने पुन्हा क्षयाचे औषध सुरू व्हायचे, असे घडू शकते. कॉखने 24 मार्च 1882 रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. तो शोधायचा तर बेडका तपासावा लागतो. दोन आठवड्यांवर खोकला गेला आणि बेडका तपासलेलाच नाही, तर दुसरे मत राहू द्या, आधी आपल्याच डॉक्टरांना विचारा, "बेडका तपासायचा का?" सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते आणि क्षयाची औषधेही फुकट मिळतात.

उलट बाजूही आहे. खोकल्याला आधी जी औषधे दिली जातात त्यांतली काही क्षयाच्या जंतूलाही थोडी दडपतात. रोग्याला आठ दिवस हुशारी वाटते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि रोग आत चालूच राहतो. तोवर त्याच खोलीत मुले निजत असतात. म्हणून 'थोडे बरे वाटले' हा पुरावा मी फारसा मानत नाही.

चुलीपुढे तीस वर्षे बसलेल्या बाईचे घ्या. तिने विडी कधी ओढली नाही, तरी दम लागतो. 'दमा' म्हणून औषध चालते, उतार पडत नाही. तिला नळीत जोराने फुंकर मारायला लावतात, मग पंपाचे औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. दम्यात आवळलेल्या वाटा बहुधा बऱ्याच मोकळ्या होतात. धुराच्या रोगात पूर्ण मोकळ्या होत नाहीत. ही स्पायरोमेट्री न करता वर्षानुवर्षे औषध चालू असेल, तर जरूर दुसरीकडे दाखवावे. बेडक्यातून रक्त पडते, वजन उतरते, फुप्फुसाचा तुकडा काढून तपासायचा किंवा शस्त्रक्रिया करायची ठरते, तेव्हाही दाखवावे.

मात्र 'पंपाची सवय लागते' या भीतीने पंप नको म्हणणारा डॉक्टर सापडेपर्यंत चार दवाखाने हिंडणे, याला मी दुसरे मत म्हणत नाही. ते सोयीचा पंच शोधणे झाले. पंपाची सवय लागत नाही.

मते ही मोजायची नसतात. साऱ्या वैद्यकाचे एकमत होते की, क्षयी माणसाला आरोग्यधामातली हवा, खुराक आणि विश्रांती हवीच. मद्रासला 1956 साली सुरू झालेल्या केंद्राने चिठ्ठ्या टाकाव्या तसे रोग्यांचे दोन गट केले. एकाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्याच्या दाटीच्या, गरिबीच्या घरी औषध दिले. 1959 साली निष्कर्ष आले : घरी औषध नीट घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले. एका शहरातल्या गरिबांच्या बेडक्यांनी जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांचे मत फिरवले.

तेव्हा दोन डॉक्टरांची मते निराळी पडली, तर तिसऱ्याकडे धावण्याआधी दोघांनाही एकच विचारा : "कोणती तपासणी केली म्हणजे याचा निकाल लागेल?"

आता डॉक्टरांना काय वाटेल हा भाग. सरळ सांगावे, "एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवतो, चिठ्ठी द्या." बहुतेक देतात. रागावणारेही असतात, नाही असे नाही. पण कागद मागणे हा तुमचा हक्क आहे. 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत ते द्यावे लागतात. चोरून जाणारा रोगी जुने फोटो घरी ठेवून जातो आणि नव्या डॉक्टरला कोऱ्या पाटीवर बसवतो. फोटो, बेडक्याचा अहवाल, आजवरच्या औषधांच्या चिठ्ठ्या, सारे पिशवीत घालून न्यावे. जुना फोटो शेजारी ठेवला की वण कोणता आणि नवे काय, हे पुष्कळदा तिथेच कळते.

आणि एक. बोलताना वाक्य पुरे होत नाही, ओठ निळे पडले, अशा वेळी मते विचारत बसू नये. जवळचे इस्पितळ गाठावे. क्षयाचे औषध चालू असेल तर दुसरे मत येईपर्यंत ते आपल्या मनाने बंद करू नये.