गिरण ओंडक्याकडे नेताना
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्यापैकी कित्येकांच्या घरी गणपतीचा चौरंग फणसाचा आहे. खानापूर भागात आजही पावसाळ्यात फणस, आंबा उन्मळून पडतो. पण ओंडका शेतातून रस्त्यापर्यंत आणायचा खर्च परवडत नाही आणि चांगलं लाकूड चुलीत जातं. अशा वेळी गिरणच ओंडक्याकडे न्यावी, हा फिरत्या बँडसॉचा विचार. उद्यमबागेत लेथ, वेल्डिंग सगळं हाताशी असल्यामुळे आपली मुलं असं यंत्र घरी करायला बघतात. माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा, म्हणून विचारायला येतात. त्यांना सांगतो तेच आज इथे सांगतो.

पहिला प्रश्न, बँडसॉच का? गोल करवत एका कापात सहा मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, बँडसॉचा पट्टा साधारण दोन. ३०० मिलिमीटर जाडीच्या ओंडक्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढल्या, तर गोल करवतीने नऊ निघतात, पट्ट्याने अकरा. दोन फळ्या म्हणजे चौरंगाचं लाकूड सुटलं!

आता चाकं. लहान चाकं स्वस्त मिळतात, म्हणून मोह होतो. पण पट्टा चाकावरून जाताना वाकतो आणि चाकाचा व्यास निम्मा केला की वाकण्याचा ताण दुप्पट होतो. एक मिलिमीटर जाडीच्या पट्ट्याला निदान ४८० मिलिमीटरचं चाक हवं. अशा चाकाच्या मिनिटाला हजार फेऱ्या झाल्या, तर चार मीटर लांबीच्या पट्ट्याचा प्रत्येक भाग तासाला सुमारे ४५ हजार वेळा वाकतो आणि सरळ होतो. पट्टा तुटतो तो बहुधा यामुळे. चाकं लेथवर खरी करून बॅलन्स करून घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

वेग हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवा. १४४० फेऱ्यांच्या मोटरवर चार इंची आणि चाकावर सहा इंची पुली लावली, की ९६० फेऱ्या मिळतात. तेव्हा पट्टा ताशी जवळजवळ ९० किलोमीटर वेगाने धावत असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फळी सरळ निघणं मात्र चाकांपेक्षा रुळांवर अवलंबून असतं. रुळाला जिथे फुगवटा, तिथे फळीलाही फुगवटा. शेतातली जमीन कधीच सपाट नसते, म्हणून रुळांच्या पायांना खालीवर करता येणारे स्क्रू द्या आणि प्रत्येक नव्या जागी दोरी व नळीची पाणसळ लावून लेव्हल बघा. करवतीची चौकट चार स्क्रूंवर उचलणार असाल, तर चारही एकाच साखळीने जोडा. एक कोपरा मागे राहिला, की फळी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. पट्ट्याला आधार देणारे दोन रोलर ओंडक्याच्या जितके जवळ, तितका काप सरळ. दात बोथट झाले, की पट्टा लाटेसारखा वरखाली जातो. जोर लावून ढकलू नका, पट्टा बदला.

आता ते ९० किलोमीटर. पट्टा आज ना उद्या तुटणारच, असं धरूनच यंत्र करायचं. दोन्ही चाकांवर आणि पट्ट्याच्या मोकळ्या भागावर जाड पत्र्याचं बंद झाकण हवं. काप चालू असताना जेवढा पट्टा लागतो, तेवढाच उघडा राहावा. बंद करायचं बटण चालवणाऱ्याच्या हाताशी हवं. पट्ट्याचा ताण यंत्र बंद असतानाच बघायचा. घराजवळच्या झाडात जुने खिळे, तारा असतात. कापण्याआधी ओंडका तपासा. झाकण नंतर लावू म्हणणाऱ्याला मी पुढचं काहीच सांगत नाही. उजव्या हाताची बोटं गेल्यावर नवं यंत्र काय कामाचं?

आणखी एक. झाड तोडायला आणि लाकडाची गिरण चालवायला वन खात्याचे नियम आहेत. गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशापासून ते फार कडक झाले. घरी बनवलं, चाकावर फिरतं, म्हणून परवाना नको, असं कुणी समजू नये. लोखंड विकत घेण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. तिथून नकार आला, तर यंत्र करू नका. परवानगी मिळाली, तर आधी झाकण बनवा आणि मग चाकं बसवा.

पडलेल्या फणसाच्या फळ्या व्हाव्यात आणि त्या करणाऱ्याची दहाही बोटं शाबूत राहावीत, एवढंच बाप्पाकडे मागून थांबतो. गणपती बाप्पा मोरया!