झाकणाखालचा खटका



विजेचे बिल हाती पडले की आपली दृष्टी मीटरकडे वळते. एरवी जिन्याखालच्या त्या पेटीकडे कोणी ढुंकूनही पाहात नाही. त्या पेटीच्या पोटात एक इवलासा खटका बसविलेला असतो. आज मला बोलावयाचे आहे ते त्याच्याविषयी. मीटरचे झाकण कोणी उचलले तर ते टिपून ठेवावे, एवढेच त्याचे काम. परंतु त्याच्या एका नोंदीवर एखाद्या गृहस्थाची अब्रू टांगलेली असू शकते. म्हणून हा खटका काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वीच्या फिरत्या चकतीच्या मीटरला राखण होती ती तारेत ओवलेल्या शिशाच्या सीलाची. सील तुटलेले दिसले की संशय उत्पन्न होई. पण ते काल तुटले की चार वर्षांपूर्वी, हे कोण सांगणार? शिवाय तुटलेले सील हुबेहूब पुन्हा बसवून देणारे कसबी लोकही आपल्याकडे कमी नव्हते. त्या ‘केव्हा’चे उत्तर हा खटका देतो.

त्याची रचना साधी आहे. झाकण बंद असताना त्याची एक दांडी खटक्याची कळ दाबून धरते. झाकण सैल होऊन वर आले की कळ सुटते आणि आतील चपटी स्प्रिंग एकदम उलटते. झाकण कितीही हलक्या हाताने उचला, स्प्रिंग उलटते ती क्षणार्धातच. चोराचा सावधपणा तेथे कामी येत नाही. मुख्य वीज आधीच तोडली असली तरी मीटरमधील लहानशी लिथियमची बॅटरी जागी असते. ती घटना दिनांक आणि वेळेसह स्मृतिकोशात लिहिली जाते. भारतीय मानकाप्रमाणे या घटनेचा क्रमांक २५१ आहे. लोहचुंबक जवळ आणल्याची नोंद २०१ आणि चुंबक दूर झाल्याची २०२, अशी तेथे जोडी असते. २५१ला मात्र जोडीदार नाही. झाकण पुन्हा लागले, प्रकरण मिटले, असे मीटर कधीच म्हणत नाही. इतर नोंदी कालांतराने नव्या नोंदींखाली पुसल्या जातात, ही पुसली जात नाही.

आता कामरेजचेच उदाहरण घेऊ. येथे वीज पुरविते ती दक्षिण गुजरात वीज कंपनी. गुजरात विद्युत मंडळाचे विभाजन झाल्यानंतर २००५ सालापासून हा कारभार तिच्याकडे आहे. सुरतेच्या आसपास खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. अशा घरी मीटर असतो घरमालकाच्या नावाचा, बिल भरतो भाडेकरू आणि पेटी असते जिन्याखाली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताशी. खटका सांगतो, झाकण अमुक रात्री उघडले. कोणी उघडले, हे त्याला ठाऊक नाही. मागचा भाडेकरू, एखादा आगंतुक वायरमन की खुद्द मालक?

इकडे २००३च्या वीज कायद्याचे १३५वे कलम असे आहे की, ग्राहकाच्या जागी वीज चोरण्याचे कृत्रिम साधन आढळल्याचे सिद्ध झाले, तर उलट सिद्ध होईपर्यंत चोरी त्या ग्राहकानेच केली असे गृहीत धरले जाते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची, किंवा दंडाची, किंवा दोन्ही. झाकण उघडणे म्हणजे असे साधन सापडणे नव्हे, ही गोष्ट तपासणाऱ्याने आणि ज्याची तपासणी होते त्यानेही ध्यानात ठेवावयास हवी. मीटर बसविला कंपनीने, वाचणार कंपनी, आणि आरोपही तिचाच. ‘उंदराला मांजर साक्ष’ असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. तरीपण माझ्या मते शिशाच्या सीलापेक्षा हा साक्षीदार ग्राहकाच्या अधिक उपयोगाचा आहे, कारण तो तारीख सांगतो. नोंदीची तारीख तुमच्या भाडेकराराच्या आधीची असेल, तर तोच तुमच्या बाजूने बोलतो.

साक्षीदार निर्दोष असतो असेही नाही. सतत हादरणाऱ्या यंत्रांच्या भिंतीवर मीटर असेल, उन्हाने झाकण वाकले असेल, स्क्रू नीट आवळलेले नसतील, तर कोणीही हात न लावता कळ सुटू शकते. ओलाव्याने खटक्याचे धातूचे स्पर्शबिंदू गंजतात. तापीचा २००६ सालचा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. म्हणून चांगल्या खटक्याला धूळ आणि पाणी आत शिरू न देणारे आवरण असते आणि झाकण थोडे हलले तरी तो दाबलेला राहील इतकी कळेला चाल ठेवलेली असते.

नव्या स्मार्ट मीटरमधून ही नोंद वही उघडण्याची वाट न पाहता थेट कचेरीत पोहोचते. २०२४च्या मे महिन्यात वडोदऱ्यात लोकांनी या मीटरविरुद्ध निदर्शने केली, ती मुख्यतः आगाऊ पैसे भरण्यावरून आणि बिलांवरून. झाकणाखालच्या खटक्याचा विचार तेव्हाही फारसा कोणी केला नसावा.

खोली भाड्याने घेताना मीटरचा क्रमांक, सीलांचे क्रमांक आणि त्या दिवसाचा आकडा कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी. पेटीचे फोटोही काढून ठेवावेत. तपासणीस आलेल्या माणसाने मीटर काढून नेला, तर तो आपल्यासमोर पिशवीत घालून सीलबंद करावा, प्रयोगशाळेत आपल्या उपस्थितीत उघडावा आणि २५१ क्रमांकाच्या नोंदीची तारीख तपासणीच्या कागदावर लिहावी, असा आग्रह धरावा. कागद वाचल्याखेरीज त्यावर सही करू नये.