काळी तीनपासून भूप

आपल्या रायपूरच्या तात्यापाऱ्यात म्हणा, चौबे कॉलनीत म्हणा, ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी ती जरा पुढ्यात घ्यावी. काळी तीनला सा धरा आणि पांढऱ्या पट्ट्यांना हात न लावता काळ्यांवरूनच वर जा: सा रे ग प ध, मग वरचा सा. मध्यम नाही, निषाद नाही. हे आपल्या भूपाचे स्वर. पाश्चात्त्य संगीतात यालाच मेजर पेंटाटॉनिक म्हणतात. चीनपासून स्कॉटलंडपर्यंतच्या लोकगीतांत हे पाच स्वर भेटतात.

असं का? सा चा पंचम प, प चा पंचम रे, रे चा ध आणि ध चा ग. षड्ज-पंचमाचं हे नातं चार वेळा जोडलं की पाचही स्वर हाती येतात. त्यातच म आणि नि गळाल्यामुळे लगतचे, अर्ध्या अंतराचे स्वर उरतच नाहीत. म्हणून नवशिक्यानं कशीही बोटं फिरवली तरी कानाला खटकत नाही.

पण खटकलं नाही म्हणजे भूप झाला, असं कृपा करून समजू नका. भूपाचा वादी गंधार. सायंकाळनंतरचा हा राग पूर्वांगात रमतो. याच पाच स्वरांत धैवताला मान द्या, उत्तरांगात वावरा, की सकाळचा देसकार उभा राहतो. पं. भातखंडे यांनी तर भूप कल्याण थाटात ठेवला आणि देसकार बिलावलात. स्वर तेच, चालण्यावरून घराणं वेगळं! या विचाराचा आपल्या परिसराशी जवळचा संबंध आहे. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे खैरागढच्या, १९५६ साली स्थापन झालेल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते.

म्हणून रियाज करताना पलटे कमी घोटा, गंधारावर जास्त थांबा. प वरून ग वर येणारी मींड पेटीवर निघत नाही, ती गळ्यानंच घ्यावी लागते. किशोरीताई आमोणकरांचा भूप त्यासाठी पुन्हा पुन्हा ऐका.

आणि हे जमलं की मूर्च्छना करून पाहा. पट्ट्या त्याच, फक्त सा बदलायचा. काळी एकला सा मानलात तर दुर्गाचे स्वर मिळतील, काळी दोनला धानीचे, काळी पाचला मालकंसाचे. मात्र दर वेळी तो नवा सा आधी भरपूर वेळ घुमू द्या, तंबोऱ्यावर किंवा पेटीवर. नाहीतर कान भूपाचाच सा धरून बसेल.