बंगळूरकरांचे दुमत

एखाद्या शहरातील दहा रहिवाशांना त्यांचे शहर कसे आहे असे विचारावे आणि आलेली उत्तरे एकाखाली एक लिहून काढावीत. ती सारी एकाच गावाविषयीची आहेत असे वाचणाऱ्यास क्वचितच वाटेल. बंगळूरच्या बाबतीत तर हा प्रत्यय विशेषच येतो. एक गृहस्थ म्हणतात, याहून सुखाची हवा दख्खनच्या पठारावर दुसरीकडे नाही. त्यांचा शेजारी म्हणतो, हवा उत्तम खरी, पण ती खायला घराबाहेर पडावे तो तासभर मोटारींच्या धुरात उभे राहावे लागते. तिसरा म्हणतो, पोटाला दिले ते या गावाने. चौथी एक गृहिणी काहीच म्हणत नाही. ती खिडकीतून पाण्याचा टँकर आला की नाही ते पाहत असते. आणि नवलाची गोष्ट अशी की, यांपैकी कोणीही खोटे बोलत नाही.

प्रथम हवेचेच घ्यावे, कारण बंगळूरची स्तुती हवेपासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात मे महिन्यातही सायंकाळी ढग जमतात, सर येऊन जाते आणि रात्री पांघरूण लागते. मुंबईच्या घामातून किंवा नागपूरच्या उन्हातून आलेल्या माणसाला ही गोष्ट प्रथम खरीच वाटत नाही. १८९८ साली येथे प्लेगची मोठी साथ आली. जुन्या पेठेतील कोंदट वस्ती सोडून लोकांनी मोकळे राहावे म्हणून मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी हे दोन नवे भाग आखण्यात आले. सरळ रस्ते, दुतर्फा झाडे, कौलारू घर, पुढे ओटा आणि मागे नारळाचे झाड असा त्यांचा थाट होता. नोकरीतून निवृत्त झालेल्यांनी येथे येऊन शेवटचे दिवस काढावेत हे पुढे इतके रूढ झाले की, या गावाला पेन्शनरांचा स्वर्ग म्हणू लागले. त्या काळच्या रहिवाशांपैकी जे आज हयात आहेत त्यांच्या घरात पंखा नव्हता. ही गोष्ट ते ज्या अभिमानाने सांगतात, त्या अभिमानाने दुसऱ्या गावचा माणूस आपल्या घरात काय आहे ते सांगत असतो. २४ एप्रिल २०१६ रोजी मात्र पारा ३९.२ अंशांवर चढला आणि पंखा नसण्याचा अभिमान बाळगणे अवघड झाले.

वस्तुतः बंगळूर हे एक गाव कधी नव्हतेच. केंपेगौडाने १५३७ साली मातीच्या कोटाच्या आत वसविलेली पेठ हे एक, आणि १८०९ सालापासून इंग्रजांनी पूर्वेस उभारलेली छावणी हे दुसरे. पेठेत कन्नड, तेलुगू आणि मराठी बोलणारे विणकर, रंगारी, शिंपी आणि व्यापारी. छावणीत इंग्रज, तमिळ आणि उर्दू बोलणारे. दोहोंच्या मध्ये बागा आणि मोकळी मैदाने. दोन्हींचा कारभार १९४९ साली एका महानगरपालिकेखाली आला. तथापि जुन्या माणसांशी बोलताना तो पेठेकडचा की छावणीकडचा हे दोन वाक्यांत कळते.

या पेठेशी मराठी माणसाचा संबंध नोकरीच्या निमित्ताने जडलेला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. जयराम पिंडे या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त त्यांच्या दरबाराचे वर्णन केले आहे. अनेक भाषांचे कवी त्या दरबारात येत असत. म्हणजे या गावाचे बहुभाषीपण संगणकाच्या कारखान्यांनी आणले असा जो समज आहे तो तीनशे वर्षांनी चुकतो. राजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ साली एक गाव ज्या मल्लिकार्जुनाच्या देवळास इनाम दिल्याचा शिलालेख आहे, त्या देवावरूनच मल्लेश्वरम् हे नाव पडले. १६८७ साली मोगलांनी शहर घेतले, मागोमाग ते म्हैसूरच्या वडियारांकडे गेले, आणि मराठी अंमल संपला. माणसे मात्र राहिली.

त्यांचे वंशज आजही बंगळुरात आहेत. त्यांची मराठी पुण्याच्या माणसाला चमत्कारिक वाटते, कारण तिचे निम्मे शब्द कन्नड आणि वाक्याची चाल त्याहून कन्नड. पुष्कळांना देवनागरी वाचण्यास श्रम पडतात. देव्हाऱ्यात विठोबा आहे आणि हिशेबाची वही कन्नडात आहे. १२ डिसेंबर १९५० रोजी याच शहरात अशाच एका मराठी घरात शिवाजीराव गायकवाड यांचा जन्म झाला. ते येथील बसगाडीवर कंडक्टर होते, आणि पुढे रजनीकांत या नावाने तमिळ चित्रपटांचे नायक झाले. आपल्याला कोणत्या प्रांताचे म्हणावे हा प्रश्न अशा घरांना फारसा पडत नाही. तो बाहेरच्यांना पडतो. या लोकांना बंगळूर आवडते काय, असे विचारले तर ते किंचित गोंधळतात. आपले नाक आपल्याला आवडते काय, असे कोणी विचारले तर माणूस गोंधळेल, तसे.

आवडीनिवडीचा प्रश्न खरा पडतो तो मागाहून आलेल्यांना. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने घेऊन कमला भागवत नावाची तरुणी येथील भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी आली. संस्थेचे प्रमुख चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्त्री म्हणून तिला प्रवेश नाकारला. ती मागे फिरली नाही. अखेर अपमानास्पद अटींवर तिला घेण्यात आले. आणि तिने असे काम करून दाखविले की पुढे त्या संस्थेचे दार स्त्रियांना उघडले. कमला सोहोनी या नावाने त्या पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झाल्या. बंगळूरने त्यांना विद्या दिली आणि डंखही दिला. त्यांनी दोन्ही आयुष्यभर लक्षात ठेवले. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर टेलिफोन, घड्याळे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांचे सरकारी कारखाने आले. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस ही कंपनी १९८३ साली बंगळुरास आली आणि तिच्या मागोमाग पुण्याकोल्हापुरांकडची शेकडो मुले आली. पूर्वी पुणे-मिरज-बेळगाव-हुबळी असा मीटरगेजचा लांबलचक प्रवास करून येणारा माणूस वर्षाचा बेत करून येई. आता संध्याकाळच्या बसने निघालेला मुलगा सकाळी कामावर हजर होतो. म्हणूनच की काय, तो पुष्कळ वर्षे येथे राहूनही मनाने आलेला नसतो.

अशा नव्या रहिवाशाची तक्रार बहुधा रस्त्यापासून सुरू होते. जगातील शहरांची जी मोजणी २०२४ सालासाठी प्रसिद्ध झाली, तीत बंगळुरात १० किलोमीटर जाण्यास सरासरी ३४ मिनिटे लागतात असे निघाले आणि त्याचा क्रमांक जगात तिसरा लागला. पुणेकरांनी याबद्दल बंगळूरकरांना फार नावे ठेवू नयेत, कारण चौथा क्रमांक पुण्याचा होता. ऑक्टोबर २०११ मध्ये मेट्रो सुरू झाली, ती वाढतही गेली; पण गाव तिच्यापेक्षा वेगाने वाढले. १९५१ साली पावणेआठ लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत ८४ लाखांवर गेली. आठ लाखांसाठी आखलेल्या रस्त्यांनी ती कोठे मावून घ्यावी?

परंतु रस्ता हा गैरसोयीचा विषय झाला. पाणी हा जिवाचा विषय आहे. बंगळुरास नदी नाही. केंपेगौडाने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी ही उणीव ओळखून तळी बांधली, आणि एकाचे पाणी दुसऱ्यात उतरावे अशी त्यांची साखळी केली. ज्या धर्मांबुधी तळ्याचे पाणी पेठ पीत असे त्याच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण आहे. पाऊस मात्र हे विसरलेला नाही. २०२२ च्या पावसाळ्यात बेळ्ळंदूरच्या बाजूस नव्या वसाहती पाण्याखाली गेल्या तेव्हा ज्या घरांतून माणसांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावे लागले, ती घरे काही गरिबांची नव्हती. १९७४ पासून शहर कावेरीचे पाणी पिते. ते सुमारे १०० किलोमीटरवरून, तीन टप्प्यांत पंपांनी डोंगरभर उंच चढवून आणावे लागते. इतके महाग पाणी ज्याच्या नळाला येते तो बंगळूरविषयी एक बोलतो, आणि ज्याच्या नळाला येत नाही तो दुसरे बोलतो. २००७ साली भोवतालची ११० गावे महानगरपालिकेत घेतली गेली. तेथे उंच इमारती झाल्या, माणसे राहावयास आली, पण त्या गावांपर्यंत कावेरी नेण्याची योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कूपनलिका आटल्या, आणि मोठे हप्ते भरून घेतलेल्या घरांतून लोक बादल्या मोजू लागले. मल्लेश्वरम्‌चा पेन्शनर आणि वर्तूरकडचा संगणक-अभियंता यांच्यातील मतभेद हा पिढीचा किंवा स्वभावाचा मतभेद मानला जातो. अधिक चौकशी केली तर तो पुष्कळ अंशी नळाचा मतभेद निघतो.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक. २०११ च्या जनगणनेत बंगळूर शहर जिल्ह्यात कन्नड ही मातृभाषा सांगणारे निम्म्याहून कमी भरले. आपल्याच राजधानीत आपली भाषा बोलण्यासाठी समोरच्याची परवानगी घ्यावी लागते, ही स्थानिकांची व्यथा आहे. पाट्यांवर साठ टक्के कन्नड असावे हा आग्रह तिच्यातून आला. डिसेंबर २०२३ मध्ये त्यासाठी पाट्या फोडल्या गेल्या. फोडणे वाईटच; पण व्यथा खोटी नाही. मुंबईच्या मराठी माणसाला ती सांगून समजावावी लागू नये. तरीही दादरला जो ‘येथे मराठी चालते’ म्हणून अडून बसतो, तोच बंगळुरास दहा वर्षे राहून रिक्षावाल्याशी चार शब्द कन्नड बोलत नाही, आणि वर येथील माणसे तुसडी आहेत असे घरी फोनवर सांगतो. ज्यांनी कन्नड शिकून घेतले त्यांच्या तोंडी ही तक्रार फारशी आढळत नाही.

बेळगावकडून आलेल्या मराठी माणसाची गोष्ट याहून निराळी. १ नोव्हेंबर १९५६ पासून बंगळूर ही त्याच्या राज्याची राजधानी आहे, आणि त्याने ती मागितलेली नव्हती. सरकारी कामासाठी, शिक्षणासाठी, नोकरीसाठी त्याला पाचशे किलोमीटर येथेच यावे लागते. त्याला कन्नड येते, पण ते धारवाडी वळणाचे; बंगळूरचा माणूस ते ऐकून हसतो. पुण्यास गेला तर त्याच्या मराठीला हसतात. त्याला आपलेपण भेटते ते उत्तर कर्नाटकाच्या खानावळीत. तेथे ज्वारीची भाकरी, भरले वांगे आणि शेंगदाण्याची चटणी वाढणारा वाढपी विजापूरकडचा असतो, आणि राजधानीविषयीचे त्याचे गाऱ्हाणे याच्या गाऱ्हाण्याशी शब्दाला शब्द जुळते. एक मराठी, एक कन्नड. पण दक्षिणेकडच्या लोकांनी आपल्याकडे कधी पाहिलेच नाही, याविषयी दोघांचे एकमत.

एवढ्या परस्परविरोधी मतांची माणसे एकत्र येत नाहीत असे मात्र नाही. २०१६ साली शहराच्या मध्यापासून विमानतळाच्या दिशेने पोलादी उड्डाणपूल बांधण्याचे ठरले, आणि त्यासाठी आठशेंवर झाडे तोडावी लागणार असे कळले. त्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी सकाळी हजारो माणसे रस्त्याच्या कडेला हातात हात घालून उभी राहिली. कोणी जन्मापासूनचा, कोणी सहा महिन्यांपूर्वी आलेला. फलक कन्नडातही होते, इंग्रजीतही. ज्या पुलाने विमानतळावर लवकर पोहोचता आले असते तो पूल नको म्हणण्यास वाहतुकीने त्रासलेलेच लोक आले होते. मार्च २०१७ मध्ये सरकारने तो बेत सोडला.

मराठी घरांतून ‘दोन वर्षांनी परत जायचे’ हे वाक्य वीस वर्षे ऐकू येते. आरंभी ते मुलाच्या शाळेपर्यंत असते, मग त्याच्या कॉलेजपर्यंत. तोवर मुलगा कन्नडात भांडू लागलेला असतो आणि पुण्यास सुटीत गेला की त्याला तेथे उकडू लागते. आईबाप दिवाळीला सांगलीस किंवा साताऱ्यास जातात, तेथे चार दिवस बंगळूरच्या वाहतुकीला आणि पाण्याला मनसोक्त नावे ठेवतात, आणि पाचव्या दिवशी, उशीर झाला तर बस चुकेल म्हणून, जेवण अर्धे टाकून उठतात.